आरोपी खटल्याला उभा राहण्याइतका मनाने सक्षम आहे का? तपासणीपासून अहवालापर्यंत

ओपीडीच्या दारात आर्थर रोड जेलहून आलेली पोलीस पार्टी उभी असते. हवालदाराच्या हातात कोर्टाचं पत्र आणि पत्रात एकच ओळ: ‘सदर आरोपीची मानसिक तपासणी करून अहवाल सादर करावा.’ बहुतेक अहवाल बिघडायला इथूनच सुरुवात होते. डॉक्टर ‘मानसिक तपासणी’ करतात, निदान लिहितात, सही-शिक्का मारतात. कोर्टाला हवं ते उत्तर मात्र त्या कागदात कुठेच नसतं.

कायद्याचा प्रश्न असा आहे: आरोपी मनोविकल (मनाचं संतुलन बिघडलेला) आहे का, आणि त्यामुळे तो स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे का? सगळा जोर ‘त्यामुळे’ या शब्दावर. स्किझोफ्रेनिया असूनही खटल्याला पूर्ण सक्षम असलेले आरोपी भरपूर असतात. उलट बाजूला, कोर्टात खाली मान घालून शांत बसणारा, कुणालाही त्रास न देणारा आरोपी आतून पूर्ण असमर्थ असू शकतो. म्हणून या तपासणीत निदान ही अर्धीच वाट.

पत्रातला खरा प्रश्न ओळखा

त्या एका ओळीच्या पोटात चार वेगळे प्रश्न असू शकतात. आरोपी आज बचाव करू शकतो का? गुन्ह्याच्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती? त्याला उपचारांची गरज आहे का? त्याला बौद्धिक अक्षमता आहे का? दुसरा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ८४ चा. तो भूतकाळाविषयी आहे आणि तो शाबीत करायचं ओझं बचाव पक्षावर असतं. पहिला प्रश्न फक्त आजचा. घटनेच्या रात्री ठार वेडा असलेला माणूस आज सक्षम असू शकतो आणि तेव्हा शुद्धीत असलेला आज असमर्थ असू शकतो. दोन्ही उत्तरं एका परिच्छेदात कालवली की उलटतपासणीत दोन्ही पडतात.

पत्र मोघम असेल तर अंदाज बांधू नका. कोर्टाला लेखी विचारा, आरोपपत्राची प्रत मागा आणि खटला कुठल्या टप्प्यावर आहे तेही विचारा. आरोपी १६ ते १८ वयाचा असेल तर बाल न्याय मंडळाची प्राथमिक पडताळणी (त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची) हा तिसराच विषय आहे, त्याचा साचा इथे वापरायचा नाही.

कलमं थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिची कलमं ३६७ ते ३७८ या विषयाची. त्याआधीपासून चालू असलेल्या खटल्यांत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ३२८ ते ३३९ ही कलमं अजून दिसतात, त्यामुळे दोन्ही आकडे ओळखीचे असू द्या. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी चालू असेल तर कलम ३६७ आणि खटला उभा राहिल्यावर, मग तो काळा घोड्याच्या सत्र न्यायालयात असो की दिंडोशीला, कलम ३६८.

चौकशीच्या टप्प्यावरचा क्रम असा: कोर्टाला शंका येते, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासनाने नेमलेला वैद्यकीय अधिकारी आरोपीला तपासतो, कोर्ट त्या डॉक्टरची साक्ष नोंदवतं. मनोविकलता दिसली तर पुढे सरकारी रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवणी होते. मुंबईत हे काम बहुधा जे.जे. रुग्णालयाच्या किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या वाट्याला येतं. तज्ज्ञाचं मत मान्य नसेल तर दोन सदस्यांच्या वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. त्यात जवळच्या सरकारी रुग्णालयाचे मनोविकार विभागप्रमुख आणि जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले मनोविकारशास्त्राचे एक अध्यापक बसतात.

वकिलांसाठी एक गोष्ट. खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट कोर्टाच्या मनात शंका उभी करायला उपयोगी पडतं, पण निकाल त्यावर लागत नाही. शंकेला वाजवी आधार दिसला की चौकशी करणं कोर्टावर बंधनकारक आहे, तो मर्जीचा भाग नाही. म्हणून अर्जात ‘आरोपी वेड्यासारखा वागतो’ असं लिहून भागत नाही. कुठल्या तारखेला मुलाखतीत तो काय बोलला, वकीलपत्रावर सही का केली नाही, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) कोर्टाने स्वतः काय नोंदवलं, हे लिहा.

तपासणीआधी कागद

एफआयआर, आरोपपत्र, रिमांडचे कागद, जेल दवाखान्याची नोंदवही, अटकेच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, जुने केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करा. घरचे मुंबईत नसतील तर गावी फोन लावा. आईला किंवा बायकोला ‘वेडा होता का?’ विचारून काही मिळत नाही. ‘शेवटचं काम कधी सोडलं? पगार कुणाच्या हातात द्यायचा? रात्री किती झोपायचा? कुठल्या डॉक्टरकडे किंवा कुठल्या देवस्थानाला नेलं होतं?’ असं विचारा. देवस्थानाचा प्रश्न गाळू नका. आजार पहिल्यांदा कधी दिसला, याची तारीख कित्येकदा तिथेच सापडते.

जेलमधली नोंद सोन्यासारखी. कॅन्टीनमधून तो काय मागवतो, मनीऑर्डरीचा हिशोब ठेवतो का, बराकीत कुणाशी बोलतो, झोपतो किती, आंघोळ सांगावी लागते का, हे अधीक्षकांकडून लेखी मागवा. तज्ज्ञासमोर तास-दीड तास बसलेल्या माणसापेक्षा बराकीतले १५ दिवस जास्त सांगतात.

बसायची व्यवस्था

एका बैठकीत मत देऊ नका. किमान दोन, शक्यतो तीन बैठका, वेगवेगळ्या दिवशी, पहिली ६० ते ९० मिनिटांची. अडचण अशी की एस्कॉर्ट पार्टीला जेलची बंदी होण्याआधी, म्हणजे कैदी बराकीत कोंडायच्या वेळेआधी परतायचं असतं आणि तासाभरात हवालदार घड्याळ दाखवायला लागतो. अशा वेळी दाखल करून घेणं बरं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०२ खाली दंडाधिकारी तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत सार्वजनिक मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवायचा आदेश देऊ शकतात. ही तरतूद हाताशी असताना ओपीडीच्या बाकावर २० मिनिटांत मत लिहून देणं शुद्ध आळस आहे.

पोलीस नजरेच्या टप्प्यात चालतील, कानाच्या टप्प्यात नकोत. बेडी काढायला सांगा. धोका वाटत असेल तर का काढली नाही ते नोंदवा. सकाळी झोपेची गोळी दिली होती का ते पाहा, गुंगीतल्या माणसाची स्मरणशक्ती तपासून काय मिळणार?

मग पहिलं वाक्य, आरोपीच्या भाषेत: “मी डॉक्टर आहे, पण आज तुमच्या उपचारासाठी बसलेलो नाही. कोर्टाने तुम्हाला तपासायला सांगितलंय. तुम्ही जे बोलाल त्यातलं मी कोर्टाला कळवू शकतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका.” नंतर त्यालाच विचारा, “मी आता काय सांगितलं?” हे सांगणं नैतिक कर्तव्य तर आहेच, शिवाय ती तपासणीची पहिली चाचणीही आहे. त्याने दिलेलं उत्तर शब्दशः लिहून ठेवा.

मुंबईत भाषा हा वेगळा डोंगर. आरोपी भोजपुरी, बंगाली, तमिळ किंवा तुळू बोलणारा, तपासणारा मराठी, अहवाल इंग्रजीत. दुभाषी लागला तर तो पोलीस नको, सहआरोपी नको, नातेवाईकही शक्यतो नको. नातेवाईक उत्तरं नीटनेटकी करून सांगतात आणि विस्कळीत बोलण्यातला आजार तिथेच पुसला जातो.

शरीर आधी

अटकेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात आरोपी बरळतो, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, तर आधी दारू सुटल्याचा उन्माद समजा. ती वैद्यकीय आणीबाणी आहे, सक्षमतेचा प्रश्न नंतरचा. डोक्याला मार, फिट, साखर उतरणं, सोडियम कमी होणं, थायरॉइड, बी-१२, एचआयव्ही, जुना सिफिलिस, यांपैकी जे लक्षणांना लागू पडेल ते तपासा. वय झाल्यावर पहिल्यांदाच बदललेला माणूस असेल तर मेंदूचा स्कॅन हवाच. अशा अवस्थेत ‘आज मत देता येत नाही, अमुक दिवसांनी फेरतपासणी’ हेच बरोबर उत्तर.

क्षमतेची तपासणी

नागरिक सुरक्षा संहितेत ‘बचाव करण्यास असमर्थ’ एवढंच आहे, त्याचे घटक कुठे मोजून दिलेले नाहीत. व्यवहारात जगभर वापरले जाणारे निकष इंग्लंडमधल्या १८३६ च्या प्रिचर्ड आणि अमेरिकेतल्या १९६० च्या डस्की या खटल्यांतून आले. आरोप आणि कामकाज कळणं, आपल्या वकिलाशी समजून-उमजून बोलता येणं, हा त्यांचा गाभा. अमेरिकेत यासाठी मॅककॅट-सीएसारखी तयार साधनं आहेत. त्यातल्या २२ प्रश्नांचा मोठा भाग पूल हॉलमधल्या (बिलियर्ड्ससारखा खेळ चालतो तिथल्या) हाणामारीच्या गोष्टीवर बेतलेला, आणि आकडे तिथल्या कैद्यांवरून काढलेले. त्याचे गुण जसेच्या तसे मुंबईच्या अहवालात चिकटवले तर बचाव पक्षाचा वकील पाच मिनिटांत ते फाडेल. प्रश्नांचा सांगाडा घ्या, गुण नकोत.

आधी कळण्याचा भाग. “पोलिसांनी तुमच्यावर काय लावलंय? कुणी तक्रार केली? गुन्हा शाबीत झाला तर काय होईल?” कलमाचा आकडा यायला हवा असं नाही. “मर्डर लावलाय, जन्मठेप होऊ शकते” एवढं पुरे. मग माणसं: “मधे उंचावर बसतात ते कोण? ते कुणाच्या बाजूने असतात? सरकारी वकील काय करतो, तुमचा वकील काय करतो? साक्षीदार म्हणजे कोण?” इथे एक फसवी जागा आहे. पहिल्यांदाच कोर्ट पाहिलेल्या, न शिकलेल्या माणसाला यातलं बरंच ठाऊक नसतं. अज्ञान म्हणजे असमर्थता नव्हे. म्हणून शिकवून पाहा. “न्यायाधीश कुणाच्याच बाजूचे नसतात, दोघांचं ऐकून ठरवतात” असं साध्या शब्दांत सांगा, १५ मिनिटं दुसरं बोला, मग पुन्हा विचारा, पुढच्या बैठकीत आणखी एकदा विचारा. शिकवलेलं टिकलं आणि स्वतःच्या शब्दांत आलं तर ते अज्ञान होतं. पोपटासारखं तेच वाक्य आलं किंवा काहीच उरलं नाही, तर शोध पुढे न्या.

त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा आणि तोच सर्वात जास्त वेळा गाळला जातो: कळलेलं स्वतःला लागू करता येतं का? “न्यायाधीश निकाल देतात” हे सांगणारा आरोपी पुढच्याच वाक्यात “पण माझा निकाल वरून आधीच झालाय, रोज रात्री स्पीकरवर सांगतात” म्हणत असेल, तर पाठ केलेल्या उत्तरांना किंमत नाही. “गुन्हा कबूल केला तर काय होईल?” हा प्रश्न चुकवू नका. “कबूल केलं की घरी सोडतात” हे उत्तर कुठून आलं ते खणून काढा. बराकीतल्या कुणी तसं सांगितलं असेल तर ती चुकीची माहिती, समजावली की सुधारते. पण खोल नैराश्यातला आरोपी “मला फाशीच हवी, मी त्याच लायकीचा” म्हणून कबुली द्यायला निघाला असेल, तर तो आजार बोलतोय. असा माणूस कामकाज अचूक सांगतो, म्हणूनच वरवरच्या तपासणीत ‘सक्षम’ ठरून जातो.

शेवटी वकिलाशी जुळतं का. “तुमचे वकील कोण? त्यांना काय सांगितलं? साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं तर कोर्टात काय कराल?” अपेक्षित उत्तर इतकंच की वकिलाच्या कानात सांगेन. ओरडेन, उठून मारेन असं आलं तर ते स्वभावातून येतंय की आजारातून, ते वेगळं करा. शक्य असेल तेव्हा वकिलांना एकदा फोन करून विचारा की अशील सूचना देऊ शकतो का. काय सूचना दिल्या, हे मात्र विचारू नका.

एकाच निदानाचे दोन आरोपी कल्पून पाहा. पहिल्याला खात्री आहे की चाळीतले शेजारी त्याची वीज चोरतात. त्याच्यावर खटला चोरीच्या मोबाइलचा. वकिलावर त्याचा विश्वास आहे आणि घटनेबद्दल तो सुसंगत बोलतो. भ्रम आहे, पण खटल्याच्या वाटेत नाही: सक्षम. दुसऱ्याला खात्री आहे की विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील त्याच शेजाऱ्यांचा माणूस आहे. तोच भ्रम, पण आता तो थेट बचावाला भिडलाय: असमर्थ.

घटना आठवत नाही, एवढ्यावर असमर्थता ठरत नाही. दारूच्या नशेतल्या, डोक्याला मार लागलेल्या कित्येकांना आठवत नाही, तरी ते कागद वाचून, साक्षी ऐकून वकिलाला मदत करू शकतात. न बोलणाऱ्या आरोपीच्या बाबतीत ऐकू येतं का ते सर्वात आधी पाहा. मनोविकल नसलेला पण कामकाज समजावता न येणारा, उदाहरणार्थ सांकेतिक भाषाही न शिकलेला कर्णबधिर आरोपी, नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ३५७ मध्ये येतो. त्याचा खटला चालू शकतो, मात्र दोषसिद्धी झाल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावं लागतं.

बौद्धिक अक्षमता: चूक महागात पडणारी जागा

मनोविकाराने असमर्थ ठरलेल्याचा खटला तहकूब होतो. बौद्धिक अक्षमतेमुळे असमर्थ ठरलेल्याविरुद्धची चौकशी बंद होते, खटला चालतच नाही. त्यामुळे इथे बुद्ध्यंकाचा आकडा आणि दैनंदिन वागणं दोन्ही हवीत. बिने-कामत किंवा भाटिया संचासारखी बुद्धिमापन चाचणी प्रशिक्षित सायकॉलॉजिस्टकडून, जोडीला सामाजिक परिपक्वतेची मोजणी, शाळेचा दाखला आणि लहानपणीचा इतिहास. नुसत्या बुद्ध्यंकावर मत देऊ नका. लोकलचे डबे ओळखून रोज विरारहून चर्चगेटला येणारा, सुटे पैसे बरोबर मोजणारा माणूस आणि त्याचा कागदावरचा ५० बुद्ध्यंक जुळत नसतील, तर दोन्हींपैकी एक चुकलंय. आणखी एक सापळा: अशी माणसं प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतात. “तुम्हाला समजलं ना?” असा प्रश्न या तपासणीत विचारायचाच नाही.

सोंग

सोंगाची शंका घ्या, पण सुरुवात तिच्यापासून करू नका. खरे आवाज बहुधा येतात-जातात आणि रुग्ण त्यांच्यावर काहीतरी उपाय करत असतो: कानात बोळे, मोठ्याने नाव जपणं. अखंड, अडखळत्या वर्णनाचे, उपायच नसलेले आवाज संशय वाढवतात. “गायीला पाय किती?” “पाच”, अशी नेमकी जवळून चुकणारी उत्तरं सोंगातही दिसतात आणि गॅन्सरच्या लक्षणसमूहातही (अशीच उत्तरं हे ज्याचं मुख्य लक्षण, तो विरळ विकार), म्हणून त्यावर एकट्यावर ठरवू नका. दोन पर्यायांतून एक निवडायच्या ५० प्रश्नांत डोळे मिटून उत्तरं दिली तरी साधारण २५ बरोबर येतात. त्याहून बरीच कमी येत असतील तर बरोबर उत्तर माहीत असूनच टाळलं जातंय. खोलीत गोंधळलेला आणि बराकीत कॅरम जिंकणारा, ही तफावत तारखेसह लिहा. खरा आजार आणि वर थोडं सोंग, हे एकत्रही असतं. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंगच्या वाटेला जाऊ नका. सेल्वी प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवायच्या या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या आहेत, आणि सक्षमतेच्या प्रश्नाला त्यांचा तसाही उपयोग नाही.

अहवाल

कोणत्या आदेशावरून, कोणत्या तारखांना, किती वेळ, कुठल्या भाषेत तपासलं, कोणते कागद पाहिले, आरोपीला काय समज दिली, हे सुरुवातीला. मग निष्कर्ष. घटनेबद्दल त्याने दिलेली हकिगत, विशेषतः कबुलीसारखी वाक्यं, मतासाठी अपरिहार्य नसतील तर अहवालात घालू नका. सरकारी वकिलाला पुरावा पुरवणं हे या कागदाचं काम नाही.

‘आरोपी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाग्रस्त असून खटल्यास अयोग्य आहे’ हा निरुपयोगी अहवाल. चालणारा अहवाल असा: ‘आरोपीला आरोप व संभाव्य शिक्षा ठाऊक आहे. परंतु आपले वकील कागदांना विष लावून देतात असा त्याचा दृढ भ्रम आहे. तिन्ही बैठकांत तो कायम होता, समजावल्याने हलला नाही. त्यामुळे तो कागद हाताळत नाही व वकिलास माहिती देत नाही. सबब आजच्या तारखेस तो बचाव करण्यास असमर्थ आहे. उपचारास ८ ते १२ आठवडे लागतील, त्यानंतर फेरतपासणी करावी.’ उपचाराचा काळ लिहायला विसरू नका. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत असेल तर कोर्ट तज्ज्ञाने सांगितलेल्या काळापुरतं कामकाज पुढे ढकलतं, आणि तुम्ही आकडा दिला नाही तर तारखांवर तारखा पडत राहतात. ‘सक्षम आहे’ किंवा ‘नाही’ हे तुमचं मत झालं, निर्णय कोर्टाचा. साक्षीला जाताना हस्तलिखित टिपणं बरोबर ठेवा, शब्दशः उत्तरं तिथेच कामी येतात.

अहवालानंतर

असमर्थ ठरला म्हणजे कोठडीतच राहायला हवं असं नाही. कलम ३६९ नुसार गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, दाखल करायची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र नियमित उपचारांची व इजा टाळण्याची हमी देत असेल, तर कोर्ट सोडू शकतं. तसं नसेल तर उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवायचं. या टप्प्यावर फाइल विसरली जाते. आसाममधला एक कच्चा कैदी ५४ वर्षांनी, २००५ मध्ये सुटला. पश्चिम बंगालच्या तुरुंगात सुमारे ४० वर्षं खटल्याविना राहिलेल्या नेपाळी नागरिकाला २०२१ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने सोडलं. दोघांच्याही बाबतीत कुठल्यातरी तारखेला कुणीतरी फेरतपासणीचा कागद पुढे सरकवायचा राहिला होता. वकिलांनी प्रत्येक तारखेला ताजा अहवाल मागावा आणि तो रोजनाम्यात नोंदवून घ्यावा.

औषधावर सुधारलेला माणूस सक्षमच, ‘औषध आहे म्हणून बरा दिसतो’ हा आक्षेप टिकत नाही. खरी पंचाईत नंतर होते. रुग्णालयातून ‘सक्षम’ म्हणून आर्थर रोडला किंवा तळोजाला परतलेला आरोपी दुसऱ्या बराकीत जातो, गोळ्यांची चिठ्ठी दवाखान्यापर्यंत पोचत नाही आणि पाच महिन्यांनी साक्षीदार आल्यावर तो पुन्हा कोसळलेला असतो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध लिहिताना तर दहादा विचार करा. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं आणि एस्कॉर्ट नाही म्हणून एक जरी तपासणी हुकली तरी औषध थांबवायची वेळ येते. गोळ्या चुकवणाऱ्याला महिन्याचं डेपो (हळूहळू अंगात उतरणारं) इंजेक्शन बरं पडतं. डिस्चार्जच्या कागदाची एक प्रत जेलच्या डॉक्टरच्या नावाने, एक कोर्टाला, एक वकिलांना द्या. सोबत किमान १५ दिवसांच्या गोळ्या द्या, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख पाकिटावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा. ते पाकीट पार्टीतल्या हवालदाराकडे सही घेऊन सोपवा.